लाल माठाचा वाफा

शालनच्या लाल माठाला नावं ठेवणारा माणूस सानपाड्यात अजून जन्माला यायचा होता, निदान शालनचं तसं ठाम मत होतं. बाजारातल्या जुड्यांकडे बघून ती नाक मुरडायची. "कुठल्या नाल्याच्या पाण्यावर पोसल्यात कुणाला ठावं," म्हणायची. आणि स्वतःच्या वाफ्यातला माठ खुडायला बसली की तिचा आवाजसुद्धा मऊ व्हायचा.

तिला मिरवायचा हक्कही होता म्हणा. कोरेगावकडच्या शेतकऱ्याची ही पोर लग्न करून इथं आली ती माथाडी कामगाराची बायको होऊन. नवरा कोंडिबा मार्केटात कांद्याबटाट्याची पोती वाहायचा, आणि बायको तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून मागच्या खिडकीतून भरावाची जमीन बघायची. विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, फुटक्या फरश्या. गवतसुद्धा तिथं नाइलाज झाल्यासारखं उगवायचं. शेतात वाढलेल्या बाईला असली मेलेली जमीन रोज डोळ्यांसमोर असणं म्हणजे शिक्षाच होती.

मग ओला कचरा सोसायटीनं आपल्याच आवारात जिरवायचा, असा नियम आला. कमिटीची माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली आणि शालननं पदर खोचला. कुंपणाच्या भिंतीलगत विटांचे दोन हौद बांधून घेतले. घराघरांतली सालं, देठं, चहाचा चोथा आणि आवाराच्या कोपऱ्यातल्या मारुतीच्या देवळातलं निर्माल्य, सगळं त्यात जायला लागलं. हौदातून निघालेलं खत काळंभोर, भुसभुशीत होतं आणि त्याला रानातल्या मातीचा वास होता. ते तिनं भरावावर वीतभर जाड अंथरलं आणि त्यावर माठ, पालक, मेथी पेरली. बघता बघता खिडकीबाहेर हिरवं-तांबडं दिसायला लागलं. सकाळी उठून आधी तिकडं बघायचं आणि मग चहाचं आधण ठेवायचं, असा तिचा नेम झाला.

अशात सून पोटुशी राहिली. उत्कर्षा पहिलटकरीण, अंगानं बारीक, आणि रक्त कमी. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, पालेभाज्या भरपूर खायच्या. शालनला हसूच आलं. पालेभाज्या? ह्या घरात? तिनं त्याच दिवशी संध्याकाळी टोपलीभर माठ खुडून आणला.

तेव्हापासून उत्कर्षाच्या ताटात रोज लाल माठ. कधी लसूण घालून परतलेला, कधी डाळीत, कधी नुसता देठांसकट. तांबड्या भाजीनं रक्त तांबडं होतं हे शालनच्या आईनं तिला सांगितलेलं, आणि त्यावर शंका घ्यायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"आई, आज नको ना. तोंडाला चवच नाही," उत्कर्षा म्हणायची.

"आगं दोन घास. माझ्यासाठी नगं खाऊ, आतल्यासाठी खा," शालन म्हणायची आणि आणखी एक पळी वाढायची.

पोर गुणाची. नाक दाबून खायची पण ताटात टाकायची नाही.

पुढच्या तपासणीला रक्त वाढायच्या ऐवजी आणखी खाली आलं. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली. शालननं माठ दोन वेळा करायला सुरुवात केली.

मग उत्कर्षाच्या पोटात कळा यायला लागल्या. बाळंतपणाच्या नव्हेत, नुसताच पीळ पडायचा, ती पलंगाच्या कडेला वाकून बसायची आणि ओठ पांढरे पडायचे. डोकं सारखं दुखायचं. एकदा आमटी ढवळताना तिच्या हातातून पळी गळून पडली. तिनं उचलली आणि परत गळाली. ती स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली.

"आई, हाताला जोरच नाही वाटत," ती म्हणाली.

शालननं मनगट चोळून दिलं, तेल लावलं, अशक्तपणा म्हणून सांगितलं. पण रात्री तिला झोप लागेना. गर्भार बाईच्या हातात जोर नसणं तिनं कुठं ऐकलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई हुशार निघाल्या. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकदम विचारलं, "तुमचे मिस्टर काय काम करतात?"

शालनचा मुलगा इंद्रजित रबाळ्याला लोखंडी कपाटांना रंग मारणाऱ्या कारखान्यात होता. ते ऐकून बाईंनी उत्कर्षाचं रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं. उत्तर आलं तेव्हा त्यांनी सासू-सुनेला समोर बसवून सरळ सांगितलं. उत्कर्षाच्या रक्तात शिसं होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं.

"शिसं म्हंजी? धातू?" शालननं विचारलं.

"धातूच. ते अंगात मुरतं, हाडांत जाऊन बसतं. रक्त वाढू देत नाही. आणि एक लक्षात घ्या, ज्या बाईचं रक्त कमी असतं तिचं शरीर शिसं जास्त ओढून घेतं. म्हणजे ही दोन्ही एकमेकांना वाढवतायत."

"आणि बाळ?" उत्कर्षानं विचारलं.

बाई म्हणाल्या, "नाळ शिशाला अडवत नाही. बाळाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. होईलच असं नाही. पण औषधापेक्षा पहिली गोष्ट, हे येतंय कुठून ते शोधा आणि आजच्या आज बंद करा."

घरी येताना रिक्षात उत्कर्षा पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती. शालन तिच्याकडं बघायचं टाळत होती. मेंदू हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. दिसायला धडधाकट पोर जन्माला येईल आणि आत काय बिघडलंय ते वर्ष-दोन वर्षं कळणारसुद्धा नाही.

इंद्रजित घरी आला तेव्हा शालननं त्याला दारातच अडवलं.

"आत येऊ नगंस! तिथंच कापडं काढ, जिन्यात!"

"आई, काय झालंय? लोकं बघतायत यार."

"बघू देत. तुझ्या कापडांनी माझ्या नातवाला इख आणलंय घरात!"

बिचारा इंद्रजित जिन्यात बनियनवर उभा राहून सगळं ऐकत होता. ऐकून तो खालीच बसला. चूक कबूल करायला त्याला पुरावाही लागला नाही. रंगाची पूड त्याच्या केसांत असायची, नखांत असायची, आणि घरी आल्यावर तो उत्कर्षाच्या पोटाला कान लावून बसायचा. त्याच रात्री तो बॅग भरून रबाळ्याला मित्राच्या खोलीवर राहायला गेला. बायकोला व्हिडिओ कॉल करायचा आणि फोनमध्ये धड बघायचाही नाही.

तो गेल्यावर चार-आठ दिवसांनी त्याच्याही रक्ताचा निकाल कळला. त्याच्या रक्तात शिसं होतं, पण बायकोपेक्षा कितीतरी कमी.

"मग माझ्याकडून नाही ना आलं?" त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"तुमच्याकडून आलं असतं तर आधी तुम्ही आजारी पडला असता," त्या म्हणाल्या. "घरात काहीतरी आहे."

घरात काहीतरी आहे. ह्या वाक्यानं शालनची झोपच उडवली. आपल्याच स्वयंपाकघराकडे ती चोरासारखी बघायला लागली. हळदीचा डबा केरात गेला, तिखट गेलं, काजळाची डबी गेली. सासूबाईंची पितळी पातेली, ज्यांच्यावरून तिनं जावेशी दोन वर्षं अबोला धरला होता, ती तिनं भंगारवाल्याला देऊन टाकली. पिण्याचं पाणी विकतचं आणलं. नळाखाली हात धुताना तिला भीती वाटायची, दाराच्या रंगाला हात लावताना वाटायची. आणि इतकं सगळं फेकून झाल्यावर, आता घरात खात्रीचं असं एकच उरलं म्हणून, ती सुनेला आणखी माठ खाऊ घालत राहिली. स्वतःच्या हातानं पेरलेला, स्वतःच्या खतावर वाढलेला. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

उत्कर्षाही आता कुरकुर न करता खायची. भीतीनं तिची ना म्हणायची ताकदच गेली होती.

तिसऱ्या मजल्यावर प्रियदर्शिनी राहायची. माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिच्या कानावर हे गेलं आणि ती एका संध्याकाळी खाली आली. मागच्या दारात उभी राहून वाफ्याकडे बघत राहिली.

"काकू, ह्या मातीची कधी टेस्ट केलीय?"

"कशापायी? माती चांगली हाय."

"भरावाची आहे ना. भरावात काय काय असतं, जुन्या घरांचा रंग, भंगार. शिसं असू शकतं त्यात."

शालननं दाराची चौकट धरली. हे तिच्या मनात आलंच नव्हतं. तिचा चेहरा बघून प्रियदर्शिनी घाईनं म्हणाली, "टेन्शन नका घेऊ. तुम्ही वर एवढं खत घातलंय ना, ते उलट चांगलं आहे. चांगलं कुजलेलं खत शिशाला धरून ठेवतं, मुळांना सहज सुटू देत नाही. खराब जमिनीवर आम्ही स्वतःच कंपोस्ट टाकायला सांगतो. मी नुसतं चेक करते, वरचं खत, खालचा भराव आणि थोडी भाजी."

ती तीन पिशव्या भरून घेऊन गेली आणि शालनचा जीव बऱ्याच दिवसांनी भांड्यात पडला. खत धरून ठेवतं. म्हणजे भरावात काही असलं तरी तिच्या खतानं पोरीला वाचवलंच होतं. त्या दिवसांत ती हौदाजवळून जाताना हातानं त्याची वीट थोपटायची. कोंडिबाला तिनं तीनतीनदा सांगितलं. "शिकलेली पोर सांगतीया. खत इख धरून ठेवतं." कोंडिबा देवळातून आलेला असायचा, हाताला तेल आणि शेंदूर. मान हलवायचा. मार्केटातून रिटायर झाल्यापासून त्याचं सगळं आयुष्य त्या चिमुकल्या देवळात होतं, आणि बायकोचं हौदात.

प्रियदर्शिनी निकाल घेऊन आली तेव्हा ती बसायलासुद्धा तयार नव्हती. उत्कर्षा आतल्या खोलीत झोपली होती. प्रियदर्शिनीनं दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"काकू, भरावात थोडं शिसं आहे. पण वरच्या खतात त्याच्यापेक्षा कितीतरी पट जास्त आहे."

"खतात?" शालनला वाटलं पोर उलटं बोलतेय. "आगं, तूच म्हणालीस खत धरून ठेवतं."

"बाहेरचं धरतं. आणि तेही किती धरणार? इथं खत स्वतःच भरलेलं आहे. थोडं मुळांतून वर चढतं, आणि तुम्ही पाणी मारता तेव्हा ही बारीक माती पानांवर उडते. धुतली तरी सगळी जात नाही. माठाच्या पानात शिसं आहे काकू. भाजी बंद करा, आत्तापासून. पण हे मला कळत नाहीये. सालं आणि देठं कुजवून एवढं शिसं येऊच शकत नाही. तुम्ही हौदात टाकता तरी काय काय?"

शालन आठवून आठवून सांगायला लागली. भाजीचा कचरा. फळांची सालं. चहाचा चोथा. वाळकी पानं. देवळातलं निर्माल्य.

"निर्माल्य म्हणजे फुलं?"

"फुलं, आणि मारुतीच्या रुईच्या माळा. शनिवारच्या लई निघत्यात."

"आणि त्यांना लागलेला शेंदूर," प्रियदर्शिनी सावकाश म्हणाली. "काकू, हा शेंदूर जुन्या पद्धतीचा आहे का? तो जड, नारिंगी-तांबडा?"

"मग? त्यो नकली रंग न्हाय चालत ह्येंना. गावाकडनं मागवत्यात."

"तो शिशापासूनच बनवतात. तो शिसंच आहे." प्रियदर्शिनीनं कपाळाला हात लावला. "पण नुसत्या माळांच्या शेंदरानं एवढं... अजून काही टाकलंत?"

"न्हाय बाई," शालन म्हणाली. "अजून काय टाकणार?"

तिच्या तोंडातून शब्द निघाले तेव्हाच तिला आठवलं होतं. पण तिनं सांगितलं नाही. प्रियदर्शिनी पुन्हा पुन्हा भाजी बंद करायची बजावत वर निघून गेली, आणि शालन ओट्याला टेकून उभी राहिली. ओट्यावर दुपारसाठी निवडलेला माठ पाण्यात घातलेला होता. पाणी गुलाबी झालं होतं.

गेल्या वर्षी मारुतीचं कवच सुटलं होतं. वर्षानुवर्षं शेंदूर आणि तेलाचे थर चढत गेले की मूर्ती जाडजूड होते, आणि कधीतरी तो सगळा थर आपसूक निसटतो, आतली लहानशी मूळ मूर्ती उघडी पडते. कोंडिबानं नारळ फोडला होता, सोसायटीला पेढे वाटले होते. कवच वाहत्या पाण्यात सोडायचं असतं. पण खाडीत काही टाकायला बंदी आणि काठावर जाळ्या. पालिकेचा निर्माल्याचा पिंप होता, पण देवाच्या अंगावरचं काय पिंपात टाकायचं? ते कोंडिबाला पटलं नाही. दोघं नवरा-बायको बराच वेळ विचार करत बसले होते. मग शालननंच सुचवलं. पाण्यात न्हाय तर मातीत सोडू. मातीसुद्धा देवच हाय. तिनंच ते कवच वरवंट्यानं फोडलं, फोडताना हात जोडले, आणि हळद-कुंकू वाहून दोन्ही हौदांत सारखं वाटून घातलं. पाटीभर होतं. त्या वर्षी माठ असा तरारून आला की ती सगळ्यांना सांगत सुटली होती, मारुतीरायाचा आशीर्वाद हाय.

पोरीच्या ताटात ती रोज तेच वाढत होती.

ती हादरली होती, पण त्या भीतीच्या पोटात दुसरी एक भीती होती आणि ती जास्त लबाड होती. भरावातही शिसं निघालंय. सगळं भरावावर ढकलता आलं असतं. इमारत बांधणाऱ्यानं घाण माती टाकली, आपण काय करणार? माळांचं प्रियदर्शिनीला कळलं होतं, पण कवचाचं कुणालाच माहीत नव्हतं. भाजी तर बंद होणारच होती. मग कशाला सांगायचं? सुनेनं जन्मभर आपल्याकडं कुठल्या नजरेनं बघायचं?

तिनं पाण्यातला माठ उचलून पिशवीत कोंबला आणि गाठ मारली. मग देवळात गेली. कोंडिबा मारुतीला तेल लावत होता.

"आवं, हात थांबवा," ती म्हणाली. आणि तिनं त्याला सगळं सांगितलं.

कोंडिबा चिडला. "येडी का खुळी तू? मारुतीरायाच्या अंगावरचं कुणाला बाधलंय व्हय आजवर?"

"अंगावर आसंल तवा न्हाय बाधत. आपण त्ये पोरीच्या पोटात घातलं."

कोंडिबानं आपले हात पुढं धरून बघितले. बोटांच्या चिरांत तांबडं मुरलेलं होतं, किती साबण लावला तरी न जाणारं. तो ते धोतराला पुसायला लागला. पुसतच राहिला. बायकोनं हात धरला तेव्हा थांबला.

"सांगू नगंस त्यांना," तो म्हणाला. "इंदर देवळात पाय न्हाय ठेवायचा परत."

हे तिलाही ऐकायचंच होतं. दोघं घरी आले तर इंद्रजित आलेला. दाराबाहेर चपला, कपडे बदललेले, केस ओले. तो बायकोच्या उशाशी बसला होता, पण हात लावत नव्हता.

"आई, मी जॉब सोडतोय," तो म्हणाला. "उद्या सांगतो त्यांना."

"कशापायी? डॉक्टर म्हणाल्या ना, तुझ्याकडनं न्हाय."

"माझं कमी निघालं म्हणून काय झालं? धूळ मीच आणत होतो ना घरात. तिच्या पोटाला तोंड लावायचो मी, आई. त्या बाळाला काही झालं ना, तर मी..." उत्कर्षानं त्याचा हात ओढून आपल्या हातात घेतला. तिच्या हातात जोर नव्हता हे शालनला दिसलं.

शालन दारात उभी होती. तिला पळून जावंसं वाटत होतं. कोंडिबा तिच्या मागं उभा राहून नाही नाही अशी मान हलवत होता. पण पोरगं तिच्या पापाचं ओझं घेऊन बसलं होतं, आणि बाईंनी सांगितलं होतं की कुठून येतंय ते पुरतं कळलं पाहिजे. खताची धूळ घरात आली असेल. हौदात अजून कवचाचे तुकडे असतील. न सांगता ते कोण काढणार होतं?

"जॉब सोडू नगंस," ती म्हणाली. "माझ्याकडनं झालंय."

तिनं सगळं सांगितलं, वरवंट्यासकट. काही लपवलं नाही. बोलताना ती सुनेच्या पायांकडं बघत होती, तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती. इंद्रजित उठला, मागच्या दारात जाऊन वाफ्याकडं बघत उभा राहिला. कोंडिबा खाली बसला आणि त्यानं डोळ्यांना पंचा लावला.

उत्कर्षा भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या शालनवर रागावल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. मूळ सापडलं हे फार बरं झालं, आता रक्तातलं हळूहळू उतरेल, दूध, नाचणी, लोह चालू ठेवा, असं त्या म्हणाल्या. बाळाचं काय, हे इंद्रजितनं विचारलं. जन्मल्यावर तपासू, मग वाढीकडं लक्ष ठेवत राहू, इतकंच त्यांना सांगता आलं.

प्रियदर्शिनीनं माणसं बोलावून वाफ्यावर जाड प्लास्टिक अंथरलं आणि हौद सील करून घेतले. सोसायटीत ज्या ज्या घरी तिनं कौतुकानं माठाची जुडी दिली होती त्या त्या घरी शालन स्वतः गेली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगून आली. कुणी दार लावून घेतलं, कुणी घाबरून लेकराला जवळ ओढलं. ती पुढच्या दाराकडं जायची. मागची खिडकी इंद्रजितनं बंद केली होती, ती कुणी उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं दुधीची भाजी केली. दुधी मार्केटातला, कोंडिबानं ओळखीच्या गाळ्यावरून आणलेला. साल जाड काढली, चार पाण्यांनी धुतला, नवं मीठ, नवी हळद. नाचणीची भाकरी भाजली. ताट वाढून तिनं उत्कर्षासमोर ठेवलं आणि बाजूला बसली. दोन दिवस पोरीनं तिच्या हातचं काही घेतलं नव्हतं, बिस्किटं आणि दूध यांवर काढले होते.

उत्कर्षा ताटाकडं बघत राहिली. तिला भूक लागली होती हे दिसत होतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि हात तिथंच थांबला.

"आई," ती म्हणाली, "आधी तुम्ही खा."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती लहान मुलासारखी घाबरलेली होती. शालननं तिच्या हातातला तुकडा घेतला, तोंडात घातला आणि चावायला लागली. उत्कर्षा तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

पोरी, असं न्हाय कळत गं, शालनला सांगायचं होतं. माठसुद्धा मी तुझ्या पंगतीलाच खात हुते. घास घशाखाली उतरवून तिनं दुसरा तुकडा मोडला. उत्कर्षानं अजून ताटाला हात लावला नव्हता.